टेकडी आणि टेबल : ब्रिटिश सामाजिक वास्तववादी सिनेमाचे संकेत

ब्रिटिश सिनेमाच्या अभ्यासकांमध्ये एक जुनी थट्टा आहे. १९६० च्या आसपासचा कोणताही ‘वास्तववादी’ चित्रपट घ्या, त्यातला नायक कधी ना कधी गावाबाहेरच्या टेकडीवर चढणार आणि खाली पसरलेल्या शहराकडे पाहत उभा राहणार. एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगा, मागच्या बाजूच्या अरुंद गल्ल्या, कारखान्यांची धुराडी, त्यावर तरंगणारे करडे आभाळ. ही चौकट इतक्या चित्रपटांत आली की त्या काळीच ती चेष्टेचा विषय झाली. पुढे १९८४ मध्ये अँड्र्यू हिगसन या अभ्यासकाने तिच्यावर एक गंभीर निबंध लिहिला. हे दृश्य एकाच वेळी दोन कामे करते, असा त्यांचा मुद्दा होता. ‘गाव खरोखर असे आहे’ अशी ग्वाही ते देते आणि त्याच दमात त्या गावाचे देखणे चित्रही करून ठेवते.

आपल्याकडे ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतात. या चित्रपटांत नेमके उलटे होते, डोंगरावरून गाव साजरे दिसते. ज्या धुराने खाली राहणाऱ्याचा जीव घुसमटतो, तोच धूर वरून पाहणाऱ्याला काव्यमय वाटतो. म्हणून मला या चौकटीपुढे नेहमी एक साधा प्रश्न पडतो. टेकडीवर उभे कोण आहे? पडद्यावर तर नायक उभा असतो. पण कॅमेरा त्याच्याही मागे असतो आणि कॅमेऱ्यामागचा माणूस सहसा त्या गावचा नसतो.

सामाजिक वास्तववादी सिनेमाचे संकेत सांगा म्हटले की एक ठरलेली यादी पुढे येते. स्टुडिओऐवजी खऱ्या जागा, प्रमाण इंग्रजीऐवजी स्थानिक बोली, नटांऐवजी अनोळखी चेहरे, नैसर्गिक प्रकाश, कामगारवर्गातला नायक आणि सुटका न करणारा शेवट. यादी बरोबर आहे, पण तिच्यावरून हे संकेत कुणीतरी बसून आखले असावेत असे वाटते. माझे म्हणणे निराळे आहे. पैसा कोणाचा, कॅमेरा कोणाच्या हातात आणि ज्यांचे जगणे दाखवायचे त्यांना बोलायची मुभा किती, या तीन गोष्टींच्या ओढाताणीतून हे संकेत घडले आहेत. या ओढाताणीत पारडे जसे फिरले तसे संकेतही बदलले. टेकडीचे महत्त्व कमी झाले आणि तिच्या जागी एक वेगळीच वस्तू आली. ती म्हणजे सरकारी कचेरीतले टेबल.

गॅस कंपनीचा पैसा, झोपडपट्टीतला आवाज

सुरुवात माहितीपटांपासून करावी लागते. १९२९ मध्ये जॉन ग्रिअरसन यांचा ‘ड्रिफ्टर्स’ लंडनच्या फिल्म सोसायटीत दाखवला गेला. त्याच खेळात आयझेनस्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ही होता. ‘ड्रिफ्टर्स’चा विषय होता उत्तर समुद्रातली हेरिंग मासेमारी. तोवर ब्रिटिश पडद्यावर कामकरी माणूस यायचा तो नोकर म्हणून, नाही तर विनोदापुरता. ग्रिअरसन यांनी त्याचे काम हाच चित्रपटाचा विषय केला. जाळी ओढणारे हात, इंजिनात कोळसा टाकणारा माणूस, बोटीवर आदळणाऱ्या लाटा. पण चित्रपट मूक होता आणि खर्च साम्राज्यातल्या मालाचा प्रचार करणाऱ्या एम्पायर मार्केटिंग बोर्ड या सरकारी मंडळाचा होता. मासेमाराला प्रतिष्ठा मिळाली, वाचा मिळाली नाही.

ती सहा वर्षांनी मिळाली. एडगर अ‍ॅन्स्टी आणि आर्थर एल्टन यांच्या ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या १९३५ च्या छोट्या माहितीपटात लंडनच्या स्टेपनी भागातल्या झोपडपट्टीतली माणसे स्वतःच्या घरात, चांगले कपडे घालून, कॅमेऱ्याकडे पाहत आपले हाल सांगतात. उंदीर, ढेकूण, वाकलेल्या भिंती, पाण्याची ओढाताण. ग्रिअरसन यांची बहीण रूबी हिने या लोकांशी बोलून त्यांचा संकोच घालवला होता. त्या काळचे जड ध्वनियंत्र अशा अंधाऱ्या, कोंदट खोलीत नेणे हेच केवढे तरी काम होते. मात्र या माहितीपटाचा पैसा ब्रिटिश गॅस कंपन्यांच्या संघटनेचा होता. जुन्या चाळी पाडून नवी घरे बांधली की त्यांत गॅसच्या शेगड्या आणि हीटर जाणार, हा त्यामागचा हिशेब. तरीही त्या बायाबापड्यांचे बोलणे खोटे ठरत नाही. दुसऱ्याच्या सोयीने उघडलेल्या खिडकीतून आपले खरे बोलून घ्यायचे, ही या सिनेमाची पहिली तडजोड.

युद्धकाळात हम्फ्री जेनिंग्ज यांनी ‘फायर्स वेअर स्टार्टेड’ (१९४३) मध्ये लंडनच्या खऱ्या अग्निशामक जवानांकडूनच त्यांच्या भूमिका करून घेतल्या. कथा रचलेली, माणसे खरी. पुढच्या पिढीने हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले.

बावीस सेकंदांचा कॅमेरा

५ फेब्रुवारी १९५६ रोजी लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये तीन लघुपटांचा एक खेळ झाला. लिंडसे अँडरसन यांचा ‘ओ ड्रीमलँड’, कॅरल रीझ आणि टोनी रिचर्डसन यांचा ‘मॉमा डोन्ट अलाउ’ आणि लोरेंझा माझेट्टी या इटालियन तरुणीचा ‘टुगेदर’. सुटे लघुपट कुणी पाहायला येणार नाही, म्हणून त्यांना ‘फ्री सिनेमा’ असे एकत्र नाव देऊन छोटा जाहीरनामाही काढला होता. १९५९ पर्यंत असे सहा कार्यक्रम झाले.

या लघुपटांत माणसे नाचतात, जत्रेत हिंडतात, बाजारात माल उतरवतात. आवाज मात्र बहुधा ओठांशी जुळत नाही. वरून संगीत, गलका, हसणे ऐकू येते. पुष्कळांनी याला काव्यात्म शैली म्हटले. तिच्यामागचे एक कारण अगदी साधे आहे. या मंडळींकडे चावीवर चालणारा १६ मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा असे. एकदा चावी दिली की तो फार तर २२ सेकंद चाले. त्याबरोबर संवाद ध्वनिमुद्रित करणे जवळजवळ अशक्य. म्हणून दृश्ये तुटक झाली आणि ध्वनी वेगळा जोडला गेला. अडचणीतून निघालेली वाट पुढे शैली म्हणून मान्य झाली.

पैशाचा प्रश्न इथेही होताच. काही लघुपटांना ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रायोगिक निधीतून थोडी रक्कम मिळाली. कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारावरचा अँडरसन यांचा ‘एव्हरी डे एक्सेप्ट ख्रिसमस’ (१९५७) फोर्ड मोटार कंपनीच्या पैशावर झाला.

आता ही माणसे कोण होती ते पाहू. अँडरसन यांचा जन्म १९२३ चा, आपल्या बंगळुरूचा, वडील ब्रिटिश लष्करात अधिकारी. शिक्षण ऑक्सफर्डला. रिचर्डसन यॉर्कशायरमधल्या औषधविक्रेत्याचे चिरंजीव, तेही ऑक्सफर्डचे. रीझ चेकोस्लोव्हाकियातून लहानपणी निर्वासित म्हणून इंग्लंडला आलेले ज्यू. आईवडील ऑशविट्झमध्ये गेले. ते केंब्रिजला शिकले. त्यांचे छायालेखक वॉल्टर लासली बर्लिनहून आलेले निर्वासित. तिघा दिग्दर्शकांची कामगारवर्गाबद्दलची आस्था खरी होती. ब्रिटिश सिनेमात अर्धा देश दिसतच नाही, ही अँडरसन यांची तक्रारही खरी होती. पण त्या अर्ध्या देशात ते पाहुणे होते.

गाव लेखकाचे, टेकडी दिग्दर्शकाची

मे १९५६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट रंगमंचावर जॉन ऑस्बर्न यांचे ‘लुक बॅक इन अँगर’ आले. ‘किचन सिंक’ हा शब्द त्याच्याही आधीचा. डेव्हिड सिल्व्हेस्टर या कलासमीक्षकाने १९५४ मध्ये जॉन ब्रॅटबी आदी चित्रकारांच्या घरगुती विषयांना उद्देशून तो वापरला होता. स्वयंपाकघरातल्या मोरीपर्यंत सगळे काही कॅनव्हासवर आले, असा त्याचा रोख. चित्रकलेतला हा टोमणा नाटकाला आणि मग सिनेमाला चिकटला.

१९५९ मध्ये जॅक क्लेटन यांच्या ‘रूम अ‍ॅट द टॉप’ने वाट मोकळी केली. पुढच्या चार वर्षांत ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ (१९६०), ‘अ टेस्ट ऑफ हनी’ (१९६१), ‘अ काइंड ऑफ लव्हिंग’ आणि ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ (१९६२), ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ आणि ‘बिली लायर’ (१९६३) आले. या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत एक गोष्ट सारखी दिसते. दिग्दर्शक बहुतेक बाहेरचे, लेखक त्या मातीतले. अ‍ॅलन सिलिटो चौदाव्या वर्षी शाळा सोडून नॉटिंगहॅमच्या रॅली सायकल कारखान्यात लागले होते. डेव्हिड स्टोरी आणि स्टॅन बारस्टो खाणकामगारांची मुले. स्टोरी लंडनला चित्रकला शिकत असताना लीड्सच्या संघातून रग्बी लीग खेळून कमाई करत. सॅलफर्डच्या शीला डिलेनी यांचे ‘अ टेस्ट ऑफ हनी’ हे नाटक १९५८ मध्ये रंगमंचावर आले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

गाव लेखकाचे आणि टेकडी दिग्दर्शकाची, असा हा भागीदारीचा धंदा होता. ‘सॅटरडे नाइट’मध्ये तो स्पष्ट दिसतो. चित्रपट सुरू होतो तो रॅलीच्या खऱ्या कारखान्यात. आर्थर सीटन लेथवर नग मोजतो आहे आणि मनातल्या मनात हिशेब करतो आहे. नगावर मजुरी असल्यामुळे फार भराभर काम केले तर साहेब दर कमी करणार, फार हळू केले तर पगार कमी येणार. हा हिशेब टेकडीवरून दिसत नाही. तो लेथपुढे उभ्या राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतो. शेवटी मात्र आर्थर आणि डोरीन टेकडीवर बसतात. खाली नव्या घरांची वसाहत उभी राहते आहे. आर्थर तिच्या दिशेने दगड भिरकावतो. पहिले दृश्य सिलिटो यांच्या अनुभवाचे आहे, शेवटच्या दृश्यात रीझ यांची नजर आहे. दोन्ही एकाच चित्रपटात आहेत, यातच त्याची ताकद आहे आणि त्याची मर्यादाही.

बोलीचे पाहा. त्या काळी ब्रिटिश पडद्यावरचा नायक बीबीसीच्या निवेदकासारखे इंग्रजी बोले. आर्थरच्या तोंडी नॉटिंगहॅमचे हेल आले तेव्हा नायकाची जागाच बदलली. वऱ्हाडी किंवा मालवणी फक्त नोकराच्या तोंडी ऐकण्याची सवय झालेल्या मराठी प्रेक्षकाला या बदलाचे वजन वेगळे सांगायला नको.

सेन्सॉरने आपला वाटा घेतलाच. सिलिटो यांच्या कादंबरीत आर्थरपासून गर्भवती राहिलेली विवाहित ब्रेंडा जिन आणि कढत पाण्याच्या टबाच्या उपायाने गर्भ पाडते. चित्रपटात तो उपाय फसतो, कारण बेकायदा गर्भपात यशस्वी झालेला दाखवणे सेन्सॉरला मान्य नव्हते. प्रौढांसाठीचे ‘एक्स’ प्रमाणपत्र घेऊनही एवढी सूट मिळाली नाही. वास्तववाद म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रपटात वास्तवातली एक घटना नियमाला धरून बदलली गेली.

या लाटेतला आणखी एक संकेत आज खटकतो. तिथली बाई बहुधा सापळा असते. तिला लग्न हवे, घर हवे, टीव्ही हवा आणि नायकाला मोकळीक हवी. बहुतेक कथा पुरुषांनी लिहिलेल्या, हे त्याचे कारण. डिलेनी यांची जो मात्र स्वतःच कथेच्या मध्यभागी आहे. सतरा वर्षांची शाळकरी मुलगी, घरी न टिकणारी आई, कृष्णवर्णी खलाशापासून राहिलेले पोट आणि तिची काळजी घेणारा समलिंगी मित्र. समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये कायद्याने गुन्हा होता. लेखणी बदलली की आख्ख्या संकेतांची उलथापालथ होते, याचा हा लवकरचा पुरावा.

१९६३ मध्ये रिचर्डसन यांनी अठराव्या शतकातली ‘टॉम जोन्स’ रंगीत पडद्यावर आणली. तिला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाली. त्याबरोबर टेकडीवरची मंडळी पांगली.

टेबल येते

मग हा सिनेमा घराघरातल्या टीव्हीवर गेला. बीबीसीच्या ‘द वेन्सडे प्ले’ या मालिकेत केन लोच यांनी नेल डन यांच्या पुस्तकावरून ‘अप द जंक्शन’ (१९६५) केले. त्यात बेकायदा गर्भपाताच्या प्रसंगात एका डॉक्टरचा आवाज त्यातले धोके सांगू लागतो. पाच वर्षांपूर्वी जे कथेतही चालत नव्हते, ते आता माहितीसह दिवाणखान्यात पोचले. गर्भपाताचा कायदा १९६७ मध्ये झाला.

१६ नोव्हेंबर १९६६ रोजी त्याच मालिकेत ‘कॅथी कम होम’ दाखवले गेले. लेखक जेरेमी सँडफर्ड, निर्माते टोनी गार्नेट, दिग्दर्शक लोच. ट्रकचालक नवरा रेज जखमी होतो, कमाई थांबते आणि कॅथीचे कुटुंब एकेक पायरी खाली घसरत जाते. चांगला फ्लॅट, मग सासूची खोली, मग पडके घर, मग कॅरव्हान, मग नवऱ्याला प्रवेश नसलेला निवारा आणि शेवटी रेल्वे स्टेशन. तिथे अधिकारी येऊन तिची मुले तिच्यापासून ओढून नेतात. हातातल्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्याने हे टिपले आहे. मध्येच कुणा अनोळखी लोकांचे आवाज घरांच्या टंचाईबद्दल बोलतात, आकडे ऐकू येतात. ही कथा की बातमी, यावर तेव्हा मोठा वाद झाला.

माझ्या दृष्टीने यात महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. इथे टेकडी नाही. गाव लांबून दिसतच नाही. त्याऐवजी पुन्हा पुन्हा एक टेबल दिसते. अलीकडे कॅथी, पलीकडे नगरपालिकेचा अधिकारी. तो दुष्ट नसतो. नियम वाचून दाखवत असतो. टेकडीच्या दृश्यात गरिबी ही हवामानासारखी होती, धुक्यासारखी पसरलेली, तिला कर्ता नव्हता. टेबलाच्या दृश्यात तिला कर्ता मिळाला.

या चित्रपटाबद्दल एक दंतकथा रूढ आहे. तो पाहून देश हादरला आणि त्यातून ‘शेल्टर’ ही बेघरांची संस्था जन्मली, असे सांगतात. शेल्टरची सुरुवात १ डिसेंबर १९६६ रोजी झाली हे खरे, पण तिची तयारी आधीपासून चालू होती. चित्रपटाने तिला वारा दिला, ती जन्माला घातली नाही. आणि बेघर कुटुंबांना घर देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकणारा कायदा झाला तो १९७७ मध्ये. म्हणजे कॅथीची मुले स्टेशनवरून नेली गेल्यानंतर अकरा वर्षांनी. लाखो प्रेक्षकांचे डोळे ओले होणे आणि कायद्याचे एक कलम बदलणे यांच्यात किती मोठे अंतर असते, हे या तारखा शेजारी ठेवल्या की कळते. सिनेमाची ताकद कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. दंतकथा खरी मानली तर त्या अकरा वर्षांत कागद रेटणाऱ्या, मोर्चे काढणाऱ्या माणसांचे श्रम पुसले जातात, म्हणून सांगतो.

बिलीची टेकडी

१९६९ चा ‘केस’ हा या परंपरेतला मला सर्वांत जवळचा चित्रपट. बार्न्सलीजवळच्या खाणगावातले लेखक बॅरी हाइन्स यांच्या कादंबरीवर लोच यांनी तो केला. हाइन्स खाणकामगाराचे चिरंजीव आणि पेशाने शिक्षक. पंधरा वर्षांचा बिली कॅस्पर एका ससाण्याच्या जातीच्या पक्ष्याला, केस्ट्रेलला, माणसाळवतो. डेव्हिड ब्रॅडली हा बिलीच्या भूमिकेतला मुलगा बार्न्सलीचाच. खेळाच्या शिक्षकाचे काम करणारे ब्रायन ग्लोव्हर खरोखरचे शिक्षक आणि कुस्तीगीर होते.

छायालेखक ख्रिस मेंगेस आणि लोच यांनी इथे कॅमेरा मागे घेतला. चेक नवसिनेमाचा हा प्रभाव. खोलीत खिडकीतून येईल तेवढा उजेड ठेवायचा, कॅमेरा कोपऱ्यात उभा करायचा, लांब पल्ल्याच्या भिंगातून पाहायचे आणि माणसांच्या अंगावर जायचे नाही. नटांना कॅमेऱ्यासाठी हालायला न लावता कॅमेऱ्यानेच त्यांच्यासाठी थांबायचे. बोली इतकी अस्सल की अमेरिकेतल्या वितरकांना ती कळेना.

‘केस’मध्येही टेकडी आहे. पहाटे पेपर टाकून झाल्यावर बिली उतारावर बसून मुलांचे चित्रमासिक वाचतो आणि मागे कोळशाची खाण दिसते. पण ही टेकडी पाहुण्याची नाही. बिलीला खाली पाहण्यात रस नाही, खाण त्याला पाठ आहे. तो चित्रकथा वाचतो आहे आणि आपण खाण पाहतो आहोत. पुढे टेबलही येते. शाळा सोडणाऱ्या मुलांना काम सुचवणारा अधिकारी बिलीला विचारतो, कचेरीत काम करशील की हाताने? बिलीच्या मनात तेव्हा फक्त त्याचा पक्षी आहे. अधिकारी खाणीतल्या फायद्यांची पत्रके पुढे करतो. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची दोन प्रकारच्या शाळांत वाटणी करणारी पद्धत या एका मुलाखतीत उघडी पडते.

या सच्चेपणाची किंमतही नोंदवली पाहिजे. मुख्याध्यापकाच्या खोलीत मुलांच्या तळहातांवर बसणाऱ्या छड्या खऱ्या होत्या. मुलांच्या चेहऱ्यावरची कळ म्हणूनच इतकी खरी आहे. पडद्यावर मुलांवरच्या अन्यायाचा निषेध आणि चित्रीकरणात मुलांच्या हातावर वळ, हा विरोधाभास मला सोडवता आलेला नाही. वास्तवाचा आग्रह धरणाऱ्या कलावंताने कुठे थांबायचे, याचे उत्तर शैलीच्या यादीत सापडत नाही.

कारखाना गेल्यावर

१९६० च्या नायकाला भीती होती की कारखाना आपल्याला गिळेल. बिलीला भीती खाणीची. मार्च १९८४ ते मार्च १९८५ या काळातला खाणकामगारांचा संप मोडला आणि खाणी भराभर बंद होत गेल्या. ज्या कामातून सुटायचे होते ते कामच उरले नाही. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण, यॉर्कशायरमधली केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली.

यामुळे संकेत आतून बदलले. धुराडे हे कोंडमाऱ्याचे चिन्ह होते, ते आठवणीचे झाले. मार्क हर्मन यांच्या ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) मध्ये खाण बंद पडते आहे आणि खाणीचा बँड वाजतो आहे. ‘द फुल मॉन्टी’ (१९९७) तर पोलादनगरी शेफील्डच्या एका जुन्या जाहिरातपटाने सुरू होतो. भरभराटीचे ते शहर दिसते आणि लगेच रिकाम्या कारखान्यात लोखंडी तुळई चोरणारे दोन बेकार दिसतात. या चित्रपटाने जगभरात २५ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. बेकारीची कथा जगाला विकता येते, फक्त शेवटी टाळ्या पडल्या पाहिजेत, हे त्यातून सिद्ध झाले. सुटका न करणारा शेवट हा या सिनेमाचा सर्वांत कडक संकेत होता. बाजारात तोच आधी सैल झाला.

दुसरीकडे टेकडीवर नवी माणसे येत होती. त्रिनिदादहून आलेले होरेस ओव्हे यांचा ‘प्रेशर’ ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या पैशातून १९७५ मध्ये तयार झाला, पण प्रेक्षकांपर्यंत पोचायला त्याला आणखी काही वर्षे लागली. लंडनमध्ये जन्मलेला टोनी शाळेत हुशार आहे; तो नोकरीच्या मुलाखतीला जातो आणि टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा त्याचा रंग पाहून बदलतो. टेबल तेच, नियम मात्र न लिहिलेला. १९९३ मध्ये गुरिंदर चढ्ढा यांनी मीरा स्याल यांच्या पटकथेवर ‘भाजी ऑन द बीच’ केला. बर्मिंगहॅमच्या भारतीय बायकांची बस ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी सहलीला जाते. ‘ओ ड्रीमलँड’पासून समुद्रकाठची जत्रा हा या सिनेमाचा ठरलेला मुक्काम, ‘अ टेस्ट ऑफ हनी’तली जोही ब्लॅकपूललाच जाते. चढ्ढा यांनी त्याच वाळूवर साड्या नेसलेल्या मावश्या उतरवल्या आणि ‘कामगार कुटुंबाची सहल’ या शब्दांचा अर्थ रुंदावला.

सगळ्यांत बोलके उदाहरण अँड्रिया डनबार यांचे. ब्रॅडफर्डच्या बटरशॉ या सरकारी वसाहतीत त्या वाढल्या. शाळेत असताना लिहायला घेतलेले ‘द आर्बर’ हे त्यांचे नाटक १९८० मध्ये रॉयल कोर्टला झाले. अ‍ॅलन क्लार्क यांनी त्यांच्या लेखनावरून ‘रीटा, स्यू अँड बॉब टू’ (१९८७) केला. १९९० मध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, डनबार गेल्या. वीस वर्षांनी क्लिओ बर्नार्ड यांनी त्यांच्यावर ‘द आर्बर’ (२०१०) हा चित्रपट केला. त्यात कुटुंबीयांच्या खऱ्या ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत आणि पडद्यावरचे नट त्या आवाजावर फक्त ओठ हलवतात. आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. सुरुवातीला हे विचित्र वाटते. मग लक्षात येते, या सिनेमात शंभर वर्षे हेच चालले होते, बर्नार्ड यांनी सांधा लपवला नाही एवढेच. डनबार यांच्या नाटकातले प्रवेश त्यांच्याच गल्लीतल्या मोकळ्या जागेत सादर होतात आणि शेजारी उभे राहून पाहतात. ज्यांच्यावर नाटक आहे तेच प्रेक्षक आहेत.

काळ्या पडद्यावरचा आवाज

२०१६ मध्ये लोच यांच्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ला कान महोत्सवात पाम दोर मिळाले. पटकथा पॉल लॅव्हर्टी यांची. त्यांचा जन्म कोलकात्याचा. हा चित्रपट न्यूकॅसलचा, म्हणजे पुन्हा उत्तरेतला. तिथे पूल आहेत, नदी आहे, टेकडीवरून दिसणारे शहर सहज मिळाले असते. पण सुरुवातीला पडदा काळा राहतो. फक्त दोन आवाज ऐकू येतात. एक बाई छापील प्रश्न विचारते आहे, हात डोक्यापर्यंत उचलता येतात का, फोनची बटणे दाबता येतात का. एकोणसाठ वर्षांचा सुतार डॅनियल हृदयविकाराबद्दल सांगू पाहतो आणि ती पुढच्या प्रश्नाकडे जाते. आता टेबलही दिसेनासे झाले आहे. नियम तेवढा ऐकू येतो.

पुढे एका फूड बँकेत दोन मुलांची आई केटी भुकेने भान हरपून बीन्सचा डबा फोडते आणि हाताने खाऊ लागते. या प्रसंगात मागे वावरणाऱ्यांत त्या केंद्रातले खरे स्वयंसेवक आहेत. कॅमेरा मागेच राहतो. जवळ जाऊन अश्रू दाखवायचा मोह टाळणे हे ‘केस’पासून आलेले वळण इथे सभ्यता म्हणून उपयोगी पडते. त्या वेळचे संबंधित मंत्री डेमियन ग्रीन यांनी हा चित्रपट पाहिला नसल्याचे सांगूनही तो अन्यायकारक असल्याची टीका केली. काहींना हा चित्रपट एकांगी प्रचार वाटला. त्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. डॅनियल फार निर्मळ आहे, आर्थर सीटनसारखा आडमुठा आणि स्वार्थी नाही. मदतीला पात्र ठरण्यासाठी गरिबाने सज्जनही असावे लागते, ही अपेक्षा टेबलापलीकडचीच आहे. तिची थोडी लागण चित्रपटालाही झाली आहे, असे मला वाटते.

म्हणून संकेतांची यादी हातात घेऊन चित्रपट तपासण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. बोली खरी असते, चेहरा अनोळखी असतो, प्रकाश खिडकीतला असतो आणि तरीही गाव नुसते देखावा राहू शकते. विचारायचे ते हे की कॅमेरा कुठे उभा आहे आणि समोरच्या माणसाला आपला हिशेब स्वतः मांडायला मिळतो आहे का. लेथपुढच्या आर्थरला तो मिळाला. स्टेपनीच्या बायकांना गॅस कंपनीच्या कृपेने का होईना, पण मिळाला.

डॅनियल तो स्वतः मिळवतो. अपिलाच्या तारखेची वाट पाहून थकल्यावर तो कचेरीच्या बाहेर येतो, रंगाचा डबा काढतो आणि भिंतीवर आपले नाव आणि मागणी लिहितो. मग भिंतीला टेकून बसतो. रस्त्यापलीकडची माणसे टाळ्या वाजवतात, एक दारुडा आपला कोट त्याच्या अंगावर घालतो आणि थोड्या वेळाने पोलीस येतात. कॅमेरा या सगळ्या वेळात फुटपाथवर, त्या माणसांच्या बरोबरीने उभा आहे.